आधी कोण उठतं?

लूकमास्तरांना बसलेलं मी फार कमी पाहिलं. शिक्षकांच्या खोलीत आम्हां प्रत्येकाला एक खुर्ची होती, तशी त्यांनाही होती. तिच्यावर त्यांची काळी टोपी बसायची. मास्तर स्वतः खिडकीपाशी, नाहीतर दारात, नाहीतर खिडकी आणि दार ह्यांच्यामध्ये येरझारा घालत असायचे. मी जात्याच बसका माणूस. खुर्ची, पुस्तक आणि कपभर चहा एवढं मिळालं की माझी कुणाबद्दल तक्रार नसते. अशा माणसाच्या नशिबात सात-आठ वर्षं लूकमास्तरांचा शेजार यावा, ह्याला काय म्हणायचं ते मला अजून समजलेलं नाही.

मी कोल्हापुरात आलो तेव्हा संस्थान अजून विलीन व्हायचं होतं. मिशनच्या एका शाळेत मराठी शिकवायला माणूस हवा होता आणि मला नोकरी हवी होती. मी पुण्याकडचा, हिंदू, देवाधर्माच्या बाबतीत ना धड आस्तिक ना धड नास्तिक. शाळेला त्याचं काही नव्हतं. पहिल्याच दिवशी मी खुर्चीवरची धूळ झटकत होतो, तेवढ्यात एक उंच, हाडकुळा, धोतरावर कोट घातलेला गृहस्थ तरातरा माझ्यासमोर आला. नाव नाही, गाव नाही, नमस्कार नाही.

"मराठीचे नवे मास्तर तुम्हीच काय?"

"हो."

"मग सांगा, समेट म्हंजे काय?"

मला वाटलं, माझी परीक्षा घ्यायला मुख्याध्यापकांनीच ह्यांना धाडलंय. मी म्हणालो, "समेट म्हणजे सलोखा. तडजोड. भांडण मिटणं."

"ते झालं हो. आधी कोण उठतं?"

"म्हणजे?"

"दोघं भांडल्यात. दोघं आपापल्या दारात तोंड फिरवून बसल्यात. समेट व्हायचाय. तर आधी कोण उठतं?"

"ज्याची चूक असेल त्यानं उठावं," मी म्हणालो. ह्यात विचारण्यासारखं काय आहे, हेच मला कळेना.

मास्तर खुर्चीवरच्या टोपीकडे वळले. "आमच्या गावात बी असंच म्हणत्यात," म्हणाले, आणि टोपी उचलून बाहेर पडले. मराठीचा नवा मास्तर काही कामाचा नाही, असं त्यांच्या पाठीवर स्पष्ट लिहिलेलं होतं.

शाळेत ते गणित शिकवत. पण त्यांचा खरा जीव रविवारच्या वर्गात होता. ख्रिस्ती मंडळींत मूल जाणतं झालं की त्याला प्रभुभोजनात भाग घेता येतो. म्हणजे उपासनेत जी भाकर आणि जो द्राक्षारस वाटतात, ते त्याला मिळतं. त्याआधी मंडळीचे वडीलधारे त्याची परीक्षा घेतात. कृपा म्हणजे काय, पश्चात्ताप म्हणजे काय, विश्वास म्हणजे काय, असे बायबलातले मोठमोठे शब्द विचारतात. उत्तरं एका छोट्या पुस्तिकेत छापलेली असत आणि मुलं ती घडाघडा म्हणत. लूकमास्तरांच्या आधी जे गृहस्थ हा वर्ग घेत, ते मुलांकडून पाठांतर करून घेत आणि सुखानं झोपत. मास्तरांना ते सुख मानवलं नाही.

"पाठ केल्यालं उत्तर म्हंजे शोकेसमधली मिठाई," ते म्हणत. "दिसती गोड, पोटात जात न्हाय. शब्दाला माती लागाय पायजे, पंडित."

मला ते पंडित म्हणत. त्यात मान किती आणि टोमणा किती, हे मी कधी मोजलं नाही. दर शनिवारी ते माझ्या खुर्चीपाशी येऊन एक शब्द टाकत. "हे शब्द तुमच्या घरचे. तुमच्या पोथ्यांतनं उचलून आमच्यात आणल्यात. तवा मूळ मालकाला इचारलेलं बरं." मी धातू सांगे, अर्थछटा सांगे, जुने दाखले देई. मास्तर मान डोलवत, आणि शेवटी म्हणत, "झ्याक. पर ह्याला अजून माती लागली न्हाय." मग रविवारी वर्ग घेऊन कुठेतरी चालू लागत. आणि त्या वरातीत कसा कोण जाणे, मीही असे.

कृपा ह्या शब्दाची गोष्ट सांगतो. थंडीचे दिवस होते. पंधरा-सोळा वर्षांची दहाबारा मुलंमुली, पुढे मास्तर आणि मागे वहाणेचा अंगठा तुटलेला मी, असे आम्ही पंचगंगा ओलांडून वडणग्याच्या वाटेला लागलो. वाटेत एक गुऱ्हाळ लागलं. चुलाणावर काहील उकळत होती, वास अर्धा मैल पसरला होता. मास्तर कुणाशी काही न बोलता मुलांना घेऊन कडेला उभे राहिले. मला वाटलं, आता हे ओळख सांगतील, मिशनचं नाव घेतील. तसलं काही नाही. गुळव्यानं मान वर करून पाहिलं आणि ओरडला, "या की पावणं! उभं का? आरं, पोरास्नी रस द्या!" दोन मिनिटांत प्रत्येकाच्या हातात रस. मग उसाच्या कांडक्यावर गरम गूळ. मग मुलींच्या पदरात बांधून वर आणखी गुळाचे खडे.

पोटभर झाल्यावर मास्तर मुलांना म्हणाले, "नाव इचारलं का त्यानं? जात? कुठल्या देवाचं, ते?"

मुलं म्हणाली, नाही.

"तुम्ही मागितलासा?"

"नाही."

"पुन्हा आला तर हाकलून दील काय?"

तेव्हा गुळवाच मध्ये पडला. "हाकलायचं? गुऱ्हाळावरनं कुनाला उपाशी लावत्यात व्हय? गूळ कडू हुईल की!"

"बसा आता," मास्तर मुलांना म्हणाले, आणि स्वतः मात्र उभेच राहिले. "ह्येला कृपा म्हणत्यात. आता पुस्तकातलं उत्तर वाचा."

मुलांनी ते चिकट हातांनी वाचलं. मी आयुष्यात पुष्कळ शिकवलं, पण एखादं वाक्य मुलांच्या तोंडावर असं उजळलेलं मी तरी पुन्हा पाहिलं नाही. त्याचा हेवा मला तेव्हाही वाटला आणि आजही वाटतो.

पुढं परीक्षेत एका मुलीला मंडळीच्या वडीलधाऱ्यांपैकी एका कडक गृहस्थांनी विचारलं, "कृपा म्हणजे काय?" पोरगी म्हणाली, "गुऱ्हाळावर रस मागावा लागत नाही, ते." गृहस्थांच्या भुवया टोपीत गेल्या. पण शेजारी एक शेतकरी वडीलधारे बसले होते, ते मांडीवर थाप मारून हसले. पोरगी पास झाली. मास्तरांना मात्र पाळकसाहेबांनी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंनी, बोलावून समज दिली की, उत्तरं पुस्तिकेतलीच असावीत. मास्तर येरझारा घालत "व्हय, व्हय" म्हणाले आणि पुढच्या रविवारी वर्ग घेऊन शुक्रवार पेठेत गेले.

तिथे एका बोळात वैरणीची गाडी अडकली होती. गाडीवान चुकून आत शिरला होता, पुढे वाट बंद. त्यानं बैल सोडले, वैरण उतरवली, चार जणांना हाका मारून गाडी उचलून फिरवली, पुन्हा वैरण भरली. सगळं होईपर्यंत दुपार झाली. मास्तरांनी मुलांना शेवटपर्यंत तिथंच थांबवलं. बराच वेळ गाडीवान नशिबाला शिव्या देत होता, तेव्हा मास्तर म्हणाले, "ह्यो पश्चात्ताप न्हवं. ह्यो नुसता त्रागा." गाडी फिरून बोळाबाहेर आली तेव्हा म्हणाले, "आता झाला." मी उन्हात उभा राहून राहून रडकुंडीला आलो होतो, पण मलाही तो शब्द तेव्हापासून दुसऱ्या कशानं आठवत नाही.

सगळेच शब्द असे सापडत असं नाही. गौरव हा शब्द त्यांना कधीच वश झाला नाही. "ह्यो राजवाड्यातला शब्द. आपल्याला आत कोण सोडतंय?" शांती ह्या शब्दावर तर त्यांचा रागच होता. "त्येचं आन् माझं जमत न्हाय," म्हणून ते तेवढं पान भरकन उरकत. पण समेट ह्या शब्दाचं पान ते उरकतही नसत. ते उलटूनच टाकत. कुणी मुलानं विचारलं, मास्तर, हा शब्द राहिला, की म्हणत, "फुडल्या आठवड्यात." तो पुढचा आठवडा माझ्या डोळ्यांदेखत तीन वर्षं आला नाही.

ह्याचं कारण मला एका रविवारी आगगाडीत कळलं. मी मिरजेला बहिणीकडे गेलो होतो, परत येत होतो. हातकणंगल्याला गाडी थांबली आणि माझ्याच डब्यात लूकमास्तर चढले. मला पाहून चोर सापडावा तसे दचकले.

"इकडं कुठं, मास्तर?"

"जयसिंगपूरला निघालतो."

"मग ही गाडी तर कोल्हापूरला चाललीय."

"व्हय," ते म्हणाले. मग जरा वेळानं, "हातकणंगल्यापतोर शब्द येतोय, पंडित. फुडं पाय येत न्हाय."

दारात उभं राहून, बाहेर बघत, त्यांनी मला सगळं सांगितलं. गाव जयसिंगपुरापासून दोन कोसांवर, कृष्णेच्या काठाला. शेतकऱ्याचं घर. मूळचं नाव लगमा. बाप लहानपणीच वारलेला, घरात थोरला भाऊ कर्ता. त्याला सगळे अण्णा म्हणत. आईला अव्वा. लगमा विशीत असताना आजारी पडून मिशनच्या दवाखान्यात महिनोन् महिने होता. तिथं वाचायला लागला, तिथंच बाप्तिस्मा घेतला. ही बातमी गावात पोचली तेव्हा अण्णा चार जाणती माणसं घेऊन नदीवर गेला आणि धाकट्या भावाच्या नावानं आंघोळ करून आला. आपण बोलताना सहज म्हणतो, 'त्याच्या नावानं आंघोळ केली.' इथं खरोखरच केली होती. माणूस मेला, विषय संपला. अव्वाला त्या दिवशी घरात कोंडून ठेवलं होतं.

"जित्या माणसाला मारलं त्यानं," मास्तर म्हणाले. "आता सांगा, चूक कुनाची?"

"त्यांची."

"मग आधी कोण उठायचं?"

पहिल्या दिवशी मी फाडकन दिलेलं उत्तर माझ्या जिभेवर आलं आणि तिथंच राहिलं.

"गावच्या रीतीनं अण्णानं उठाय पायजे. पंच घेऊन यायचं, पानसुपारी द्यायची. मी बी वीस वरसं त्येचीच वाट बघितली. पर बायबलात हा शब्द उलटा चाललाय हो. तिथं ज्येच्यावर अन्याव झालाय, त्योच आधी उठून निघतोय. देव माणसाकडं निघालाय, माणूस देवाकडं न्हवं." ते दाराच्या गजावर मूठ आपटत होते. "आता मी पोरांस्नी ह्यो शब्द कसा शिकवू? मी सोताच उठलो न्हाय. म्हणून रविवारी वर्ग झाला की तिकीट काढतो. जयसिंगपूरचं काढतो. हातकणंगलं आलं की मनात येतं, आपुन का जायचं? उतरतो."

"आणि अव्वा?"

ते पुन्हा दाराबाहेर बघू लागले. पुढं कळलं की शाहूपुरीत गुळाच्या सौद्याला त्यांच्या गावचा एक गाडीवान येई, सिद्धाप्पा नावाचा. मास्तर त्याला गाठून अव्वाची खबर काढत. तिला आता दिसत कमी होतं. ती सिद्धाप्पाला विचारायची, "लगमा जेवतोय काय वेळच्या वेळंला?" एवढंच, आणि तेही अण्णा शिवारात असताना.

त्यानंतर वर्षभरात, उन्हाळ्याच्या तोंडाला, सिद्धाप्पा शाळेतच आला. मास्तर फळ्यापाशी होते. दारातूनच तो म्हणाला, "मास्तर, अव्वानं हातरूण धरलंया. काय खरं न्हाय." मास्तरांच्या हातातला खडू तसाच राहिला.

"अण्णाला सांग," ते म्हणाले, "रविवारी येतोय म्हणून. सकाळच्या गाडीनं. अव्वाला बी सांग."

निरोप गेला. आता हातकणंगल्याला उतरायची सोय उरली नाही, असं मला वाटलं. मास्तरांना ओळखूनही असं वाटलं, हा माझा भाबडेपणा. रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला मी अंगणात दाढी करत होतो. बघतो तर मास्तर दारात. चेहरा राखेसारखा.

"गेला होतात ना?"

"गेलतो. उतरलो." ते उंबऱ्याच्या आतबाहेर करत होते. "अण्णा दारात उभा ऱ्हाऊन म्हणंल, आलास व्हय शेवटी, शेपूट घालून. ह्येच डोक्यात बसलं. पंडित, तुम्ही चला. हातकणंगल्याला मी उठलो तर मला धरा. मारलं तरी चालंल."

अर्धी दाढी तशीच पुसून मी निघालो. दुपारच्या गाडीला गर्दी होती. मास्तर एका जागी ठरत नव्हते. दारात जात, परत येत, वाजले किती विचारत, दुसऱ्याच्या गाठोड्याला ठेचकाळत. रुकडी गेलं. हातकणंगलं आलं आणि ते उठले. मी त्यांचा कोट मागून दोन्ही हातांनी पकडला. समोरची एक म्हातारी घाबरून म्हणाली, "येडं हाय काय वो पावणं?" मी म्हणालो, "नाही बाई, मास्तर आहेत." गाडी सुटली तेव्हा कोटाची शिवण उसवलेली होती आणि मास्तर घामानं निथळत होते.

जयसिंगपुरापासून आम्ही चालत गेलो. चालत म्हणजे ते पुढे आणि मी मागून पळत. गावात शिरलो तर सामसूम. एरवी पारावर चार माणसं तरी असतात, तीही नव्हती. मास्तरांनी कुणाला न विचारता दोन वळणं घेतली आणि एका मातीच्या घरासमोर उभे राहिले. दार उघडं. आत कुणी दिसेना. उंबऱ्याच्या बाहेर पाण्यानं भरलेली घागर, आणि तिच्या तोंडावर लिंबाचा डहाळा.

मसणवट्यातून परत आलेली माणसं घरात शिरण्याआधी पाय धुतात आणि कडुलिंबाचं पान तोंडात घालतात, ही रीत आमच्याकडेही आहे. मी म्हणालो, "मास्तर, घरात काहीतरी..."

"दिसतंय मला," ते म्हणाले. आवाज अगदी बारीक होता. "माझ्यासाठी ठेवलंया. निरोप धाडला हुता न्हवं, येतोय म्हणून? मेल्यालं माणूस दारात येणार. तयारी करून ठेवलीया अण्णानं. घरातली माणसं बी काढून दिलीत."

"अहो, असं कोण करील? घरात दुखणाईत आहे. जरा विचारू तरी शेजारी."

"तुम्हाला अण्णा ठावं न्हाय." आणि ते वळले. मी हात धरला, त्यांनी तो झटकला. माझ्याशी त्यांनी असं कधी केलं नव्हतं. वीस-बावीस वर्षं ज्यानं स्वतःला मेलेला समजायची सवय करून घेतली, त्याला दारातलं मरण दुसऱ्या कुणाचं असेल असं सुचलंच नाही. मला त्या क्षणी त्यांचा भयंकर राग आला, आणि रागापेक्षा कीव जास्त आली.

वेशीच्या अलीकडे नदीची वाट गावात मिळते. तिथून माणसं येताना दिसली. ओली धोतरं, उघडी डोकी, कुणी बोलत नव्हतं. सगळ्यांच्या पुढं एक आडव्या हाडाचा माणूस, मिशा काढलेल्या, डोकं तुळतुळीत. मास्तर जागच्या जागी थिजले. तो माणूस समोर आला आणि थांबला. त्याच्या मागची सगळी रांग थांबली.

"लगमा," तो म्हणाला, "कुठं निघालास?"

मास्तर त्या काढलेल्या मिशांकडे बघत होते.

"पहाटं गेली," अण्णा म्हणाले. "तू येणार म्हणून रातीच तिला सांगितलंतं. उठवून बसवा म्हणाली. दाराकडं तोंड करून बसवली. तशीच गेली." त्यांनी ओल्या पंच्यानं तोंड पुसलं. "सकाळच्या गाडीनं येतो म्हणालतास. लोकं म्हणाली, न्ह्याला पायजे. मी म्हणालो, न्हाय, धाकटा येतोय. उन्हं डोक्यावर आली तरी उचलून दिली न्हाय. गाडी चुकली काय तुझी?"

मास्तरांना हो म्हणता आलं असतं. कुणालाही कळलं नसतं. मी तिथंच उभा होतो, मी काही बोललो नसतो.

"न्हाय," मास्तर म्हणाले. "सकाळी निघालतो. हातकणंगल्याला उतरून माघारी गेलो. मला वाटलं, आपुन का आधी जायचं. आन् आता दारात घागर बघून परत निघालतो. मला वाटलं, माझ्यासाठी ठेवलीस."

मला वाटलं, आता हा माणूस हात उगारणार. अण्णांची मूठ वळलेली मी पाहिली. मागं कुणीतरी नाक ओढलं.

"ह्ये मी कधी इसरणार न्हाय," अण्णा म्हणाले. "माफ बी करणार न्हाय. तिनं लई वाट बघितली तुझी." मग त्यांनी मास्तरांचं मनगट धरलं. "चल. पाय धू."

दारात सगळ्यांनी पाय धुतले. मास्तर सगळ्यात शेवटी राहिले होते. अण्णांनी घागर उचलून त्यांच्या पायांवर पाणी ओतलं आणि लिंबाचं पान त्यांच्या हातावर ठेवलं. एक म्हातारा पुढं होऊन अण्णांना म्हणाला, "बाळाप्पा, ह्याच्या नावानं आंघोळ झालीया. ह्याला आत कसा घेतोस?"

"मीच केलती," अण्णा म्हणाले. "मला ठावं हाय की."

शेजारच्या घरातून पिठलं-भाकरी आली. मर्तिकाच्या घरी चूल पेटत नाही. अण्णांनी एकच भाकरी मोडून अर्धी मास्तरांपुढं ठेवली आणि स्वतः अर्धी घेतली. मास्तरांनी डोळे मिटले, ओठ हलले. ती त्यांची प्रार्थना असावी. अण्णा तेवढा वेळ घास हातात धरून थांबले. मग दोघं खाली मान घालून जेवले. मास्तर रडत होते आणि खात होते.

पुढच्या वर्गात मास्तरांनी समेटाचं पान उलटून टाकलं नाही. त्यांनी मुलांना जे घडलं ते सगळं सांगितलं. हातकणंगलं सांगितलं, घागर सांगितली, अव्वा दाराकडं तोंड करून बसली होती तेही सांगितलं. शेवटी म्हणाले, "मला अजून पुरता कळला न्हाय ह्यो शब्द. कळला तेवढा उशिरा कळला. तुम्ही उशीर करू नगा." पाळकसाहेबांच्या कानावर ते गेलं, आणि ह्या खेपेला त्यांनी समज दिली नाही. पण परीक्षा घेणारे वडीलधारे बरीच वर्षं तो शब्द कुणाला विचारीनासे झाले. मास्तरांची पायपीट होती तशीच राहिली. शांती ह्या शब्दाशी त्यांचं शेवटपर्यंत जमलं नाही, आणि जमलं असतं तर मला ते ओळखू आले नसते. मी पुढं पुण्याला गेलो. काही वर्षांनी एका जुन्या विद्यार्थ्यानं सांगितलं की मास्तर वारले. शाळेच्या आवारात उभ्या उभ्या छातीत कळ आली. ऐकल्यावर मी त्या दिवशी खुर्चीत फार वेळ बसू शकलो नाही.

पण त्या गावातून निघतानाचं एक सांगायचं राहिलं. शेवटची गाडी गाठायची होती, म्हणून आम्ही उठलो. अण्णा आमच्याबरोबर वेशीपर्यंत आले. वेशीवर मास्तर वाकून भावाच्या पाया पडायला गेले, तर अण्णांनी पाय मागं घेतला.

"बाराव्याला ये," ते म्हणाले.

मास्तरांनी मान हलवली. अण्णा वळून चालू लागले. थोडं पुढं गेले, थांबले, आणि पाठमोरेच मोठ्यानं म्हणाले,

"सकाळच्या गाडीनं ये."